फुंकर शेवटी, आधी हात फिरायला हवेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई जुळे सोलापुरात राहतात, वय २७, नोकरी बँकेत. इटलीतल्या मुरानो बेटावरच्या कारागिरांचे व्हिडिओ बघून त्यांना काच फुंकण्याची ओढ लागली आहे. त्या विचारतात की घराच्या गच्चीवर लहानशी भट्टी लावता येईल का, घरातल्या रिकाम्या बाटल्या वितळवून वापरता येतील का, छातीत दम किती लागतो (आईला फुफ्फुसांची काळजी वाटते), आणि सोलापुरात राहून हे शिकायचं कुणाकडे.

ताई, मी ३४ वर्षं काचकाम करतोय. पुण्याला शिकलो आणि परत येऊन इथेच बसलो. कॉलेजांच्या प्रयोगशाळा आणि चिंचोळी एमआयडीसीतले रसायनांचे कारखाने यांच्यासाठी कंडेन्सर (वाफ गार करायच्या नळ्या), फ्लास्क, जॉइंट करायचे, फुटलेलं सांधायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. शोभेच्या वस्तू मी संध्याकाळी करतो, फक्त स्वतःसाठी. म्हणजे हौस काय असते तेही मला ठाऊक आहे आणि हात घडायला किती काळ जातो तेही. उत्तर लांबेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय, तर मीही हातचं राखून लिहीत नाही.

आधी भट्टीचं. ती गच्चीवर लावू नका. व्हिडिओत दिसते ती भट्टी म्हणजे एक मूस (काच वितळवायचं भांडं), तिच्यात सोडा-चुन्याची साधी काच ११०० अंशांच्या आसपास पातळ राखलेली. ती दिवसरात्र, महिनोन्‌महिने पेटलेली असते. रविवारी पेटवली आणि संध्याकाळी विझवली, असं तिच्याबाबत चालत नाही. गार होताना मूस तडकते, आणि पुन्हा पेटवल्यावर काच कामाजोगी व्हायला तासन्‌तास जातात. बरं, एक भट्टी पुरतही नाही. फुंकणीवरची वस्तू घडवताना परत परत तापवायला दुसरं तोंड लागतं, आणि झालेली वस्तू सावकाश निववायला तिसरं. तीन ठिकाणी इंधन. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो, गच्चीची फरशी अनवाणी पायाला सोसत नाही, तिथे या तीन तोंडांसमोर उभं राहायचं. आणि आजूबाजूला घराला घर लागलेलं. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ साली शहरातल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या. त्यामागचं एक कारण आगीची भीती हेच सांगतात.

दुसरं म्हणजे भट्टीचं काम एकट्या माणसाचं नसतं. आपल्या महाराष्ट्रात ही परंपरा मोठी आहे. तळेगावचा पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ सालचा, लोकांनी एकेक पैसा वर्गणी घालून उभा केलेला. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या आजीच्या घरी खुंटीला होता. अशा कारखान्यात एक जण फुंकणीवर गोळा उचलतो, दुसरा फुंकतो, तिसरा तोंड घडवतो आणि चौथा तयार माल निववणीकडे पळवतो. एकट्या कलावंताला लहान भट्टीवर काम करता येतं हे दाखवायलाच मुळी १९६२ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटन यांनी कार्यशाळा घेतली आणि डॉमिनिक लॅबिनो यांनी तिला कमी तापमानावर वितळणारी काच पुरवली. तिथून स्टुडिओत काच करायची चळवळ सुरू झाली. पण त्या स्टुडिओंतही आज मदतीला बहुधा एखादा जोडीदार असतो. तुम्हाला नोकरी सांभाळून, एकटीनं, शनिवार-रविवारी करायचं आहे.

त्यासाठी दुसरा रस्ता आहे, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. टेबलावर टॉर्च, म्हणजे ज्योतीचा बर्नर, बसवायचा, गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत लावायची, आणि तयार काचेची नळी किंवा कांडी त्या ज्योतीत तापवून घडवायची. ज्योत हवी तेव्हा पेटवा, हवी तेव्हा विझवा. मी लहानपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत हेच पाहिलं. पाळण्यांच्या मागच्या रांगेत एक माणूस छोट्या ज्योतीवर काचेची बदकं करायचा. बोटाएवढी नळी, चार ठिकाणी तापवली, मान ओढली, चोच चिमटली, पोटात फुंकर घातली. वडील पुढे निघून गेले तरी मी तिथेच. प्रयोगशाळेतली किचकट उपकरणंही जगभर याच पद्धतीनं होतात. पुढे कधी भट्टीवर जायची संधी मिळाली तर ज्योतीवर घडलेला हात तिथे उपयोगी पडतो.

आता बाटल्यांचं. बाटली, खिडकीची काच, पाणी प्यायचा साधा ग्लास, ही सगळी सोडा-चुन्याची काच. प्रयोगशाळेतली काच बोरोसिलिकेट, आम्ही नुसतं ‘बोरो’ म्हणतो. तिच्यात सुमारे ८० टक्के वाळूतली सिलिका आणि १२-१३ टक्के बोरॉनचं ऑक्साइड असतं. फरक कामाला लागल्यावर कळतो. साधी काच तापल्यावर बोरोच्या पावणेतीन पट फुगते. म्हणून बाटलीचा तुकडा ज्योतीत धरला की मऊ पडायच्या आधीच टचकन उडतो, आणि उडालेली कपची डोळ्याकडे येते. शिवाय दोन बाटल्यांची काच एकमेकींशी जुळेलच असं नाही. त्या सांधल्या तर सांधा आज धरेल, उद्या चिरेल. बाटल्या आवडत असतील तर विजेच्या भट्टीत ७५०-८०० अंशांपर्यंत हळूहळू तापवून त्या चपट्या करता येतात, तबक होतं. पण ते फुंकणं नव्हे.

काच ओळखायला शिका, कारण इथे मी एकदा चांगलाच फसलोय. बोरोची म्हणून घेतलेल्या नळ्यांच्या गठ्ठ्यात एका विक्रेत्यानं साध्या काचेच्या नळ्या मिसळून दिल्या. दिसायला सारख्याच. मी त्यातली एक जुन्या कंडेन्सरला जोडली, सांधा सुरेख बसला, निववून फडताळात ठेवला. रात्री साडेदहाला बंद फडताळातून बारीक आवाज आला आणि सकाळी सांध्याभोवती गोल चीर. तीन दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून नवीन माल आला की मी स्वयंपाकघरातून वाटीभर शेंगतेल आणतो. बोरोचा तुकडा त्यात बुडवला की जवळजवळ दिसेनासा होतो, कारण तेल आणि बोरो दोन्ही प्रकाशाला साधारण सारखंच वाकवतात. साधी काच तेलातही आपली कड दाखवत राहते. आपल्या गावात शेंगतेल घरोघरी असतं, तेव्हा ही परीक्षा तुम्हाला फुकटात पडते.

सुरुवात बोरोवर करा की मऊ काचेवर (म्हणजे सोडा-चुन्याच्या, लवकर वितळणाऱ्या), यावर कारागिरांत दोन मतं आहेत. मऊ काचेच्या रंगीत कांड्यांचे मणी करायला लहान टॉर्च पुरतो, आणि मणी पहिल्या दिवशी होतो, त्यामुळे हुरूप येतो. माझं मत बोरोच्या बाजूचं. ती तापायला वेळ घेते, ऑक्सिजनशिवाय हलत नाही, पण नवशिक्याच्या चुका पोटात घालते. ज्योतीत जरा घाईनं नेली तरी फुटत नाही. आणि तुम्हाला फुंकायचंय ना, तर नळीवरच हात बसायला हवा.

आता मुख्य गोष्ट. या कलेला ‘फुंकणं’ म्हणतात, पण दिवसभराच्या कामात फुंकर किती? तासाभरात फार तर मिनिटभर. बाकी वेळ काच फिरवायची असते. तापलेली काच मधासारखी असते, ती खाली ओघळते. न थांबता, एका लयीत फिरवत राहिलात तरच ती मध्यावर राहते. आणि नळीला दोन टोकं, दोन हात. मधला भाग वितळला की दोन्ही टोकांचा एकमेकांशी संबंध सुटतो. डावा हात उजव्यापेक्षा केसभर पुढे गेला की मधली काच दोरीसारखी पिळली जाते. एकदा पिळलेली काच फुंकून सरळ होत नाही.

हे शिकायला ज्योत लागत नाही. मला गुरुजींनी पहिले तीन आठवडे ज्योतीजवळ बसू दिलं नव्हतं, मनातून राग यायचा. तुम्ही असं करा. वेताच्या किंवा बांबूच्या दोन गुळगुळीत काठ्या घ्या, करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब. जुन्या टॉवेलची नाहीतर सोलापुरी चादरीची पट्टी कापून तिची चार बोटं लांब नळी शिवा, आणि तिच्या दोन तोंडांत दोन काठ्या घट्ट बांधा. नळीवर या काठीपासून त्या काठीपर्यंत स्केचपेननं सरळ रेघ मारा. आता डाव्या हाताचा तळवा खाली, काठी शेवटच्या तीन बोटांवर पाळण्यात ठेवल्यासारखी टेकलेली, अंगठा आणि तर्जनी तिला फिरवतायत. उजवा हात तळवा वर करून, पेन धरतो तसा. दोन्ही हातांनी एकाच दिशेला, एकाच वेगानं काठ्या फिरवा. रेघ सरळ राहिली तर हात जुळले. तिला नागमोडी पीळ पडला तर कोणता हात पुढे पळतोय ते लगेच दिसेल. सुरुवातीला दोन मिनिटांत मनगट भरून येतं. रोज वीस मिनिटं करा, टीव्ही बघत, कुणाशी बोलत. पुढे हे लक्ष न देता व्हायला हवं, कारण ज्योतीसमोर लक्ष दुसरीकडे लागतं.

माझी आत्या पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीत, घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. एका हातानं चरखा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून सूत सुटतंय, आणि तोंडानं शेजारणीशी गप्पा चालू. सूत तुटायच्या आधी तिचा हात हलका व्हायचा, ती बघायचीसुद्धा नाही. मला फिरवणं जमू लागलं तेव्हा पहिल्यांदा तिचीच आठवण झाली. आपल्या गावातल्या बायका-माणसांच्या बोटांत हे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तुम्हाला फक्त ते काचेवर आणायचंय.

हात जुळले की काच घ्या. बोरोची नळी साधारण दीड मीटर लांबीची मिळते. १२ ते १६ मिलिमीटर व्यासाची घ्या, दीड मिलिमीटर जाडीची. तोडायची रीत अशी: काच कापायच्या कठीण सुरीनं एकच ओरखडा, परिघाच्या चतुर्थांशाएवढा. करवतीसारखं घासायचं नाही. ओरखड्याला पाण्याचं बोट लावा, तो आपल्यापासून पलीकडे ठेवा, दोन्ही अंगठे त्याच्या मागे, आणि जरा वाकवत बाहेर ओढा. ओढ जास्त, वाक कमी. नळीभोवती फडकं हवंच. तुटलेली कड ज्योतीत फिरवली की ती स्वतःहून गोल आणि गुळगुळीत होते. पहिले आठ-दहा दिवस एवढंच करा. तोडा, कड वितळवा, तोडा, कड वितळवा. घरात गुळगुळीत तोंडाच्या काचनळ्या ढीगभर होतील.

त्यानंतर टोक ओढणं. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं प्रत्येक काम याच्यावर उभं आहे. नळीचा मधला तीन-चार सेंटिमीटर भाग रुंद ज्योतीत फिरवत तापवा. आधी ज्योत पिवळी पडते, मग काच नारिंगी होते, मग हातांना ती मऊ लागते, जणू मधला भाग आहेच की नाही असं वाटतं. तेव्हाही फिरवणं थांबवायचं नाही. आता ज्योतीतून बाहेर काढा, एक श्वास थांबा, आणि ओढा. पहिल्यांदा अगदी सावकाश, काच आवळत आली की थोडं जोरात. हाताच्या अंतरापर्यंत ओढली की मधे पेन्सिलपेक्षा बारीक, सरळ नळी तयार होते. ती पूर्ण कडक होईपर्यंत दोन्ही हातांनी फिरवत राहा. इथेच नव्वद टक्के शिकाऊ चुकतात. ओढून झालं म्हणून हात थांबतात आणि टोक केळीच्या पानाच्या देठासारखं वाकतं. मग ते बारीक टोक मधोमध वितळवून दोन भाग करा. हे टोक पुढे तुमची मूठ, त्याला धरूनच वस्तू मध्यावर फिरते. मी पुण्यात अशी काही शे टोकं ओढली असतील, तेव्हा गुरुजींनी त्यातलं एक उचलून टेबलावर घरंगळवलं. ते सरळ घरंगळलं, थरथरलं नाही. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मला पुढचं काम दिलं.

त्यानंतर नळीचं तोंड बंद करून गोल बूड करणं, म्हणजे टेस्ट ट्यूब. बुडाशी काचेचा थेंब साचतो, तो गरम कांडी लावून ओढून काढायचा, मग बूड तापवून बाहेर आणायचं आणि हलकी फुंकर. एक नियम लक्षात ठेवा: ज्योतीत तापवायचं, ज्योतीबाहेर फुंकायचं. तोंडानं थेट नळी धरता येते किंवा रबरी नळी लावता येते. तिला फिरता सांधा हवा, नाहीतर तीही पिळते.

फुगा सर्वात शेवटी. आधी काच गोळा करावी लागते. तापलेला भाग दोन्ही बाजूंनी किंचित आत ढकलत भिंत जाड करायची, कारण फुगताना ती पातळ होणार. मग बाहेर काढून फुंकर, थांबा, बघा, परत फुंकर. भिंत सगळीकडे सारखी तापली असेल तर फुगा आपोआप गोल होतो, त्याला तुम्ही गोल करत नाही. एका बाजूला जास्त ऊब राहिली असेल तर तिकडेच पोट सुटतं, आणि कितीही जपून फुंकलं तरी सुटतंच. फुगा वाकडा झाला तर दोष फुंकरीत शोधू नका, आधीच्या दोन मिनिटांच्या फिरवण्यात शोधा.

आईंना सांगा, गरम चहाच्या बशीवर घालतो तेवढी फुंकर पुरते. गालातली हवा, छातीतली नव्हे. कामात ताकद असते ती थांबण्याची. फुफ्फुसांना धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो मात्र खरा आहे. एक, काच कोरडी घासल्यावर उडणारी धूळ. काच घासायची तर पाणी लावून, आणि टेबल झाडूनं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. दोन, बंद खोलीत जळलेल्या वायूंचा साठा. मोठ्या ज्योतीत हवेतला नायट्रोजनही जळून त्रासदायक वायू होतात. टॉर्चच्या वर, समोरच्या बाजूला हवा बाहेर ओढणारा पंखा हवा. तीन, गरम नळीतून चुकूनही श्वास आत ओढायचा नाही. आणि आपली फुंकायची नळी दुसऱ्याला द्यायची नाही, कुणी कितीही जवळचं असलं तरी.

निववणं ही नवशिक्याला सर्वात कंटाळवाणी वाटणारी पायरी, आणि वस्तू टिकते ती याच पायरीनं. बाहेरची काच आधी गार होऊन कडक होते, आतली मागून आक्रसते, आणि दोघींची ओढाताण काचेत अडकून राहते. डोळ्याला काही दिसत नाही. वस्तू आठवडाभर शोकेसमध्ये शांत असते आणि एका दुपारी आपोआप दोन तुकडे होतात. यावर उपाय म्हणजे विजेची लहान भट्टी. बोरोला ५६० अंशांच्या आसपास, पातळ वस्तू असेल तर अर्धा तास, मग मिनिटाला दोन-तीन अंश असं सावकाश ४८० च्या खाली, आणि मग भट्टी बंद, दार न उघडता सकाळपर्यंत. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीनं वाढवून भागत नाही, त्याहून बराच जास्त द्यावा लागतो. भट्टी येईपर्यंत लहान, पातळ वस्तू ज्योतीतच निववा. ऑक्सिजन कमी करत जा, मऊ पिवळ्या ज्योतीत वस्तू फिरवत राहा, तिच्यावर काजळी धरली की बाजूला ठेवा.

ताण राहिलाय का हे घरी पाहता येतं. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, त्याच्यासमोर वस्तू धरा, आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल हातात घेऊन फिरवत पडदा काळा होईल अशा कोनात आणा. ताण नसलेली काच काळीच दिसते. ताण असेल तिथे पांढरे, कधी रंगीत पट्टे उजळतात, बहुधा सांध्याजवळ. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा अंगावर काटा येईल, कारण स्वच्छ वाटणारी काच आतून किती अस्वस्थ आहे ते समोर दिसतं.

जागेचं आणि आगीचं. गच्चीवर भट्टी नको म्हटलं तसा टॉर्चही उघड्या गच्चीवर नको, वाऱ्यानं ज्योत हलते आणि काच एका बाजूनं गार होते. त्याच कारणानं डोक्यावरचा पंखाही चालत नाही. माझी जागा म्हणजे एक जुनी यंत्रमागाची शेड आहे, उंच पत्रा, दोन बाजूंना दारं. माग गेले, शेड राहिली. अशा शेड आपल्याकडे बऱ्याच रिकाम्या आहेत, दोघं-तिघं मिळून एक कोपरा भाड्यानं घेतलात तर घरापेक्षा ते फार बरं. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाच ते नऊ एवढंच काम करतो.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो, तो या कामाला वापरणं बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. घरचा रेग्युलेटरही चालत नाही, दाब कमी-जास्त करता येणारा हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो, म्हणून तळघर आणि गटाराचं तोंड टाळा. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी ओढून कधीही नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलेला. त्याच्या रेग्युलेटरला तेलाचा, ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगी नसतानाही पेट घेतात, त्यामुळे शेंगतेलाची ती वाटी टॉर्चच्या टेबलाजवळ आणायची नाही आणि हात साबणानं धुऊनच सिलिंडरला लावायचा. दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवाच. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. करोनाच्या काळात पुष्कळ घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, मिनिटाला ५ लिटरवाले. लहान टॉर्चला तेवढा पुरतो, आणि सिलिंडरची दगदग वाचते. मोठी नळी तापवायला मात्र तो कमी पडतो.

अंगावर सुती कपडे, ओढणी नाही, केस बांधलेले. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा, तो तापलेल्या काचेतून येणारा सोडियमचा पिवळा झगझगाट गाळतो आणि आतली काच स्वच्छ दिसते. वेल्डिंगचा काळा-हिरवा चष्मा घालून हे नाजूक काम दिसत नाही. आणि सगळ्यात जास्त भाजतं ते ज्योतीनं नाही. चारशे अंशांची काच आणि थंड काच दिसायला अगदी सारख्या असतात. टेबलाची एक बाजू फक्त गरम मालाची ठेवा, उचलण्यापूर्वी हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघा. भाजलं तर लगेच वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फ नको.

शिकायचं कुठे? सोलापुरात छंद म्हणून शिकवणारा वर्ग मला माहीत नाही, तेव्हा माणसाकडेच जावं लागेल. प्रयोगशाळांचं काचसामान दुरुस्त करणारे आमच्यासारखे लोक जिल्ह्याजिल्ह्यांत थोडे उरलेत. तयार माल स्वस्त झाला, नवी मुलं या कामात येत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांमध्ये ग्लास ब्लोइंगचे विभाग वर्षानुवर्षं चालत आले, तिथून निवृत्त झालेल्या कारागिरांना शोधा. त्यांच्याकडे कुणी शिकायला आलं तर त्यांना किती आनंद होतो, हे मी माझ्यावरून सांगतो. पहिल्या भेटीत काही मागू नका, अर्धा दिवस शेजारी बसा आणि त्यांचे हात बघा. चेहरा नाही, ज्योत नाही, हात. एकदा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादलाही जाऊन या. बांगड्यांचं ते गाव आहे, हजारो हातांनी काच कशी चालते ते तिथे दिसतं.

खर्चाचा क्रम सांगतो. पहिले दोन महिने फक्त चष्मा, सुरी, चिमटा, दहा-बारा नळ्या, आणि कुणाच्या तरी टेबलावर बसायची परवानगी. तीन महिन्यांनीही ओढ तशीच राहिली तर स्वतःचा टॉर्च, रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह, यात काटकसर करू नका. निववायची भट्टी त्यानंतर. रंगीत काच त्याहूनही नंतर, ती महाग असते आणि कच्च्या हातात वाया जाते.

आत्ता उन्हाळा चालू आहे, ज्योतीसमोर बसायचे हे दिवस नव्हेत. मृग लागेपर्यंत त्या दोन काठ्या आणि चादरीची नळी एवढंच करा. सलग दहा मिनिटं फिरवून रेघ सरळ राहिली की कळवा, मग शेडवर या. पहिली नळी माझ्याकडून.